पाणी पाहायचा धंदा

वरूडच्या पुरुषमाणसाला सोनोग्राफी सांगितली की तो आधी मागं वळून पाहतो. मागं बायको उभी असेल, डॉक्टर तिच्याशीच बोलत असतील, असा त्याचा समज. मागं कोणी नाही हे कळलं की आवाज एकदम खाली येतो. "मले?" जरुडचे एक काकाजी मुतखड्यासाठी आले होते, ते घरी 'पोटाचा फोटो काढाले चाललो' असं सांगून निघाले होते. एका साठीच्या बाईंनी तर मला सरळ झापलं, "काहो डॉक्टर, माह्ये नातू कालेजात हायेत अन् तुमी मले सोनोग्राफी सांगून रायले?" शेजारी सून पदरात तोंड घालून हसत होती. त्या हसण्यामुळे बाई आणखीच चिडल्या.

मी एका मेडिकल कॉलेजच्या इमर्जन्सी विभागात शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण आमचे विभागप्रमुख दिवाळी अंक वाचतात. मूळ गाव वरूड. घरी संत्र्याचा बगीचा, बगीच्यात बाबा, आणि बाबांच्या डोक्यात चोवीस तास पाणी.

इमर्जन्सी मेडिसिन हा आपल्याकडे तसा नवा विषय. मेडिकल कौन्सिलने त्याला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती 2009 साली. त्याआधी होती ती कॅज्युअल्टी, म्हणजे सगळ्यात मोठ्या अपघाताला सगळ्यात लहान डॉक्टर भेटण्याची जागा. आता नाव बदललं, पाटी बदलली, बाहेरचा लाकडी बाक मात्र तोच आहे. या विभागात मी इंटर्न पोरापोरींना एक गोष्ट शिकवतो: अपघाताचा पेशंट आला की दोन-तीन मिनिटांत पोटावर चार ठिकाणी सोनोग्राफीचा प्रोब ठेवायचा आणि आत रक्त सांडलंय का ते पाहायचं. याला 'फास्ट' म्हणतात. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधली खाच, डावीकडे प्लीहेच्या आजूबाजूला, खाली ओटीपोटात, आणि छातीच्या हाडाखालून वर हृदयाभोवती. पडद्यावर रक्त काळं दिसतं. जिथं काळं नसावं तिथं काळी रेघ दिसली की सर्जनला फोन.

ऐकायला सोपं आहे. करायला पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही.

आजची पोरं हुशार आहेत, त्यांनी मोबाइलवर सगळी लेक्चरं दीडपट वेगाने पाहिलेली असतात. यकृताशेजारच्या त्या खाचेला मॉरिसनचं नाव आहे, हा मॉरिसन न्यूकॅसलचा सर्जन होता, त्यावर प्रश्न कसा येतो आणि चार पर्यायांत फसवा पर्याय कोणता असतो, हे ती झोपेत सांगतात. बेनोड्याचा एक पोरगा होता, त्याने तर मला मॉरिसनचं पूर्ण नाव सांगितलं. मग मी त्याच्या हातात प्रोब दिला. त्याने तो पेशंटच्या डाव्या बरगडीखाली टेकवला.

"यकृत कुठं असतं रे?"

"उजवीकडे, सर."

"मग?"

"हे उजवीकडेच आहे ना, सर. माझ्या."

पुढची अडचण जेलची. प्रोब आणि कातडीच्या मधे हवा राहिली की ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात, म्हणून मधे जेल लागतो. हा जेल किती घ्यायचा हे माणूस कुठल्या घरात वाढला त्यावर ठरतं, असं माझं निरीक्षण आहे. काही जण जावयाच्या पुरणपोळीवर तूप सोडल्यासारखा सोडतात, मग पेशंट दोन दिवस चिकट. काही जण ठिपका लावतात आणि कोरड्या पोटावर प्रोब घासत 'सर, मशीन खराब आहे' म्हणतात. अकोटची एक मुलगी पेशंटला आधी 'काका, थंड लागेल हं' असं सांगून मग जेल लावायची. तिच्यापुढे पेशंट कधी दचकला नाही. हे कुठल्याही लेक्चरमध्ये नाही, दीडपट वेगातही नाही.

आणि प्रोब दाबायची हौस! जितकं जोरात दाबू तितकं खोल दिसेल, असं वाटतं. एका ट्रॅक्टरवाल्याने त्या बेनोडेवाल्याला विचारलं होतं, "भाऊ, तुमी पाहून रायले का पीठ मयून रायले?" शिवाय पोरांची नजर पडद्यावर नसते, स्वतःच्या हातावर असते. नवीन ड्रायव्हर जसा गिअरकडे पाहत गाडी चालवतो, तसं. मग मी ओरडतो, "वर बघ! हाताला त्याचं काम करू दे!"

हे सगळं जितक्या वेळा करावं तितकं हातात बसतं. तिथं मात्र आमची गाडी अडते.

परदेशातल्या व्हिडिओंत मी पाहतो, विद्यार्थी कोटाच्या खिशातून इवलासा प्रोब काढतो, मोबाइलला जोडतो आणि मित्राचं हृदय पाहतो. आमच्याकडे खिशातून प्रोब काढला तर पाठोपाठ चौकशी समितीही निघेल. सोनोग्राफीची प्रत्येक मशीन नोंदलेली हवी, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर हवं, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी दारात हवी, गरोदर बाईची तपासणी केली की एफ फॉर्म हवा. पोर्टेबल मशीन नावालाच पोर्टेबल. तिला नोंदलेल्या जागेबाहेर हलवता येत नाही, अपवाद फक्त फिरत्या वैद्यकीय पथकांचा. साध्या एमबीबीएस डॉक्टरला पोटाची सोनोग्राफी करायची तर 2014 च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं, 300 तासांचं प्रशिक्षण. आमच्या मशीनची किल्ली एका कपाटात, त्या कपाटाची किल्ली एका सिस्टरकडे आणि सिस्टर जेवायला. एकदा दारातून आत येणाऱ्या स्ट्रेचरकडे मशीन नेता नेता तिचं पुढचं चाक उंबरठ्यावर अडलं, तर मागून क्लार्क धावत आला, "सर, दाराबाहेर नका जाऊ!"

मी यावर पुष्कळ कुरकुर करून झालोय. पण कुरकुर करताना जीभ थोडी अडखळते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, 1988 साली. केंद्राचा आला 1994 मध्ये, तो कडक झाला 2003 मध्ये. एवढं होऊन महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 2001 च्या जनगणनेत 913 होत्या, त्या 2011 ला 894 झाल्या. मशीनला कुलूप आम्हीच कमावलंय. अजूनही एखादी आजी मला बाजूला घेऊन, आवाजात मध घालून विचारते, "डॉक्टर, पेढे आणू का जिलेबी?" मी म्हणतो, "आजी, पेशंट तुमचा मुलगा आहे. त्याला बैलाने मारलंय."

तर गेल्या डिसेंबरात बारा इंटर्न आमच्या बगीच्यात संत्रा पार्टीला आले. आंबिया बहाराची तोडणी चालू होती, झाडं अशी लदलेली की खाली बांबूचे टेकू. पोरं गाडीतून उतरली, झाडाखाली बसली आणि साली उडायला लागल्या. बाबांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मशीन नाही आणली?"

"आणता येत नाही, बाबा. कायदा आहे."

"मले वाटलं, एवढे डॉक्टर येऊन रायले त मशीन लावून पाहू वावरात. पाणी कुठं हाय ते तरी समजन."

हे त्यांचं जुनं दुखणं. वरूड-मोर्शीचा पट्टा विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून मिरवतो, पण जमिनीखालचं पाणी उपसून उपसून सरकारी नकाशात आम्ही कधीचे डार्क झोनमध्ये गेलोय. पडद्यावर काळं दिसलं की पाणी, आणि नकाशात काळं दिसलं की पाणी नाही, हा फरक मी पोरांना समजावून सांगितला. कायद्याने साठ मीटरच्या खाली बोअर मारता येत नाही. हा विषय आमच्या घरी निघत नाही. आमची साताठ किलोची मशीन कपाटात बसते, बोअरची गाडी बसेल एवढं कपाट अजून कोणी केलेलं नाही.

"बाबा, आमची मशीन जमिनीवर चालत नाही. आणि चालली तरी वीस-पंचवीस सेंटीमीटरच खोल पाहते."

बाबांनी हाताची वीत केली, ती हवेत धरून तिच्याकडे पाहिलं. "एवढं?"

"एवढं."

"अन् याच्यासाठी तुले एमडी केलं."

बाबांच्या माहितीसाठी मी सांगितलं की हे यंत्र मुळात डॉक्टरांचं नव्हतंच. ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे बाळंतपणाचे डॉक्टर 1955 साली पोटातून काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत भरून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथं लोखंडातली भेग शोधायचं ध्वनीचं यंत्र होतं, ते त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिलं. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. तीन वर्षांनी, 1958 मध्ये, त्यावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाबांना यातलं एकच आवडलं. "म्हंजे डिकीत टाकून कुठंबी नेता येत होतं तवा."

मशीन नव्हती, पण बारा पोरं फुकट संत्री खाऊन परत जाणार हे माझ्यातल्या मास्तराला पटेना. मी टीव्हीचा रिमोट आणायला लावला. रिमोट म्हणजे प्रोब, उलटा ठेवलेला क्रेट म्हणजे पेशंट. सरकवा, कलवा, डुलवा, फिरवा. आई ओट्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "सेल नाहीत त्यात." बेनोडेवाला म्हणाला, "काकू, पेशंटमध्येही नाहीत."

मग फुप्फुस. छातीवर प्रोब ठेवला की फुप्फुसाचं आवरण बरगडीच्या आतल्या आवरणावर सरकताना दिसतं, मुंग्यांची रांग चालल्यासारखी चमचमती रेघ. ते सरकणं दिसत नसेल तर मधे हवा शिरली असण्याची, म्हणजे न्यूमोथोरॅक्सची शंका. डॅनियल लिश्टेनस्टाईन या फ्रेंच डॉक्टरांनी फुप्फुसाच्या सोनोग्राफीचं शास्त्र उभं केलं. त्या शास्त्रात चांगल्या फुप्फुसाच्या एका चित्राला 'समुद्रकिनारा' म्हणतात, वर लाटा आणि खाली वाळू. बिघडलेल्याला 'बारकोड'. बारकोड पोरांना लगेच कळतो, बिस्किटाच्या पुड्यावर असतो. समुद्रकिनाऱ्याला आमच्या बारापैकी सात जण थांबले. "सर, शेकदरी धरणासारखं का?" शेकदरीच्या काठाला वाळू नाही, आणि लाटा म्हणाव्यात तर म्हशी उतरल्यावरच.

तेवढ्यात अकोटची मुलगी हातातल्या संत्र्याशी चाळा करत होती. नागपुरी संत्र्याची साल मुळात सैल. अंगठ्याने हलकेच दाबून फिरवली तर आतल्या फोडींवरून साल सरकताना बोटाला कळते. ती थांबली. मग तिने क्रेटमधून एक पोला संत्रा उचलला. तोडायला उशीर झाला की साल फुगून फोडींपासून सुटते, मधे नुसती हवा राहते, व्यापारी असा माल बाजूला काढतात. तिने तोही दाबला. "सर, हा न्यूमोथोरॅक्स." मी दोन्ही संत्री हातात घेऊन पाहिली. मी त्या झाडांखाली वाढलो, दहा वर्षं फुप्फुस शिकवतोय आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मी अर्थातच "हेच सांगणार होतो" असं म्हणालो.

पुढचा प्रश्न मी सगळ्यांना टाकला. पेशंट उताणा आहे, पोटात रक्त सांडतंय, ते आधी कुठं साचेल? पोरांनी मॉरिसन म्हटलं, ते ठीकच. "का?" यावर शांतता. बाबा खाटेवर पाय घेऊन बसले होते. ते म्हणाले, "उताराले."

"काय, काकाजी?"

"पाणी उताराले जाते ना गा. माणूस उताणा पडला त त्याचा उतार कुठं हाय ते पाहा, तिथं साचन." मग जरा विचार करून, "दिसत नसन त खाटेची मुंडक्याकडची बाजू खाली करा. थोडं वाहून येईन."

मी गप्प झालो. डोकं खाली आणि पाय वर, या अवस्थेला ट्रेंडेलनबर्ग या जर्मन सर्जनचं नाव आहे. वरच्या दोन खिडक्यांत रक्त दिसत नसेल तर नेमकं हेच करतात. बाबांचं शिक्षण धुऱ्यापर्यंतचं, म्हणजे कोणत्या धुऱ्यावर पाणी तुंबतं तिथपर्यंतचं. दुपारभर पोरं त्यांच्या खाटेभोवती, आणि मी एकटा क्रेटसमोर रिमोट धरून.

चारच्या सुमाराला पाणाड्या आला. बाबांनी त्याला नव्या बोअरची जागा दाखवायला बोलावलं होतं. पांढरा शर्ट, अनवाणी, हातात सोललेला नारळ. त्याने तो तळहातावर आडवा ठेवला आणि झाडांच्या ओळीतून चालू लागला. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, अशी श्रद्धा. यात शास्त्र नाही हे मला माहीत आहे, पोरांना मी तसं सांगितलंही. पण त्याचा हात पाहण्यासारखा होता. बोटं सैल, मनगट स्थिर, पावलं अगदी सावकाश, आणि नजर हातावर अजिबात नाही. वर्षभर घसा कोरडा करून मी जे सांगतो ते सगळं हा माणूस अनवाणी करत होता. "असा धरायचा प्रोब!" मी ओरडलो. पाणाड्या दचकला, नारळ पडला, बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मग पोरांना हुक्की आली. एकेकाने नारळ घेतला. कोणाच्या हातात हलला नाही. बेनोडेवाल्याच्या हातात मात्र कोपऱ्यातल्या ईडलिंबूच्या झाडाजवळ तो उभा राहिला, टाळ्या पडल्या. पाणाड्यानेही बरोबर तीच जागा दाखवली होती. तो पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गुण हाय तुह्या हातात." बाबांनी तिथं चुन्याची फुली मारली.

त्या गुणाचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसला. बेनोडेवाल्याला जिकडेतिकडे पाणी दिसायला लागलं. मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाच्या डाव्या बाजूला त्याला भलामोठा काळा डाग सापडला, सर्जन जेवणावरून उठून आले. ते निघालं जठरातलं अर्धा तांब्या ताक. दुसऱ्या एकाच्या ओटीपोटातलं 'दीड लिटर रक्त' तो पेशंट लघवीला जाऊन येताच नाहीसं झालं. सर्जनने मला बाजूला घेतलं. मी पोराला बाजूला घेतलं. डाग कोणत्या पिशवीत आहे का मोकळा पसरलाय, कडा गोल आहे का टोकदार, हे आधी पाहा. आणि उलटही ध्यानात ठेव, दोनशे मिलीलीटरच्या आतलं रक्त सहसा दिसत नाही, म्हणून नाही दिसलं तरी अर्ध्या तासाने पुन्हा प्रोब लाव.

मार्चमध्ये मृग बहाराच्या तोडणीवरून एक गडी आला. शिडी सरकली, डाव्या कुशीवर बांधाच्या दगडावर पडला. आमच्या भागातून अमरावती काय नि नागपूर काय, शंभरेक किलोमीटर, तेवढं अंतर एकशे आठच्या गाडीत काढून आलेला. नाडी एकशे तीस, चेहरा पांढरा, आणि सोबतच्या भावाच्या हातात अजून तोडायची कात्री. किल्लीवाल्या सिस्टर सुदैवाने जेवून झाल्या होत्या. बेनोडेवाला प्रोब घेऊन पुढं झाला. या वेळी जेल बेताचा, हात सैल, नजर पडद्यावर. तो डाव्या बगलेखाली सावकाश सरकत गेला, थांबला, प्रोब किंचित कलवला. प्लीहा दिसली, आणि तिच्यावर, श्वासपटलाच्या खाली, काळी टोकदार रेघ. पिशवी नाही, ताक नाही. पोराचा आवाज फुटला आणि सगळ्या विभागाने ऐकलं:

"सर, पाणी लागलं!"

मी त्याला झापायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी दारातून पेशंटचा भाऊ ओरडला, "किती इंच?"

त्या बिचाऱ्याची चूक नाही. मार्च ते जून आमच्याकडे 'पाणी लागलं' म्हटल्यावर दुसरा प्रश्न हाच असतो. त्याला बाहेर नेऊन समजावलं, सही घेतली, वीस मिनिटांत गडी टेबलावर होता. प्लीहेला मराठीत पाणथरी म्हणतात, हे मला त्या रात्री सर्जनने सांगितलं. ते पाणथरी हातात घेऊनच उभे होते. गडी दहाव्या दिवशी घरी गेला. बेनोडेवाल्याने मला दोनदा विचारलं, "सर, मी ते तसं ओरडलो, ते केसपेपरवर नाही ना आलं?"

एप्रिलच्या शेवटी रात्री साडेनऊला बाबांचा फोन आला. मागं इंजिनचा आवाज बंद होत होता.

"झाली का बोअर?"

"नऊशे फूट गेली."

"आणि?"

"फुफाटा. झाडं पांढरी झाली सारी. थेंब नाही."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, "पण नारळ तर उभा राहिला होता."

"दोघाच्याबी हातात रायला होता."

"बाबा, आमच्याकडे याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. गाडीवाल्याने फुटाचा भाव विचारल्याचं ऐकू आलं.

"असन," बाबा म्हणाले. "आमच्याकडं याले कर्ज म्हंतेत."